उटणं आणि पाठ

दिवाळी दोन आठवड्यांवर आली की आमच्या इमारतीत उटण्याची पाकिटं येऊ लागतात. पुढच्या बाजूला हात जोडलेले इच्छुक उमेदवार, मागच्या बाजूला त्यांचे सर्व मार्गदर्शक उतरत्या क्रमानं, आणि आत जेमतेम दोन चमचे पूड. महापालिकेची निवडणूक जवळ आली की पाकीट मोठं होतं, पूड तेवढीच राहते. एका वर्षी चार पक्षांची चार पाकिटं घरात जमली, तेव्हा मी ती ओळीनं उघडून हुंगली. चारही उटण्यांचा रंग एक, वास एक, बहुधा पुरवठादारही एक. राजकारणात एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या मुद्द्यावर झालेलं मी पाहिलेलं नाही.

त्यातलं एक पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. त्या शहाऐंशीच्या आहेत. कान जरा मंदावलेत, नाक मात्र शाबूत. त्यांनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, दोन बोटांनी चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "रांगोळीत घाल." पुढं काही बोलल्या नाहीत, पण उटणं आता घरी करायचं हे त्या क्षणी ठरून गेलं. अशा गोष्टी ठरवतं कोण, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

घरी करायचं म्हणजे त्यांची वही काढणं आलं. पुढून लोणची-पापड, मागून धोब्याचे हिशेब, आणि दोन्हींच्या मधल्या पानांत मेतकूट, काजळ, शिकेकाई, दंतमंजन आणि उटणं. उटण्याची कृती अशी: चंदन चार आण्यांचं, नागरमोथा दोन आण्यांचा, वाळा मूठभर, गव्हला कचोरा वासापुरता, आंबेहळद बेतानं, मसुरीचं पीठ पुरेल इतकं, बाकी नेहमीप्रमाणे. "बाकी नेहमीप्रमाणे म्हणजे काय काय?" असं विचारलं. "बाकीचं," असं उत्तर मिळालं.

पण खरी अडचण होती ती चार आण्यांची. जुन्या बायकांनी माप वजनात न लिहिता किमतीत लिहिलं, कारण दुकानात मागायचीच तशी रीत होती. चार आण्यांचं चंदन म्हटलं की केवढा तुकडा हे देणाऱ्याला आणि घेणारीला, दोघांनाही ठाऊक असे. पुढे १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले. तोवर ठीक होतं. मग ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंच चलनातून गेलं. म्हणजे आमच्या घराण्याचं उटणं आजच्या कायद्यात बसतच नाही. नवरा बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे त्यानं महागाईचा निर्देशांक लावून चार आण्यांचं आजचं मूल्य काढायला घेतलं. कागद भरला. पण चंदन कुठल्या निर्देशांकाला जुमानत नाही. ज्या लाकडाची झाडं आमच्या पुण्यात संस्थांच्या आणि बंगल्यांच्या आवारातून रात्रीतून कापून नेली जातात, आणि ज्याच्या चोरीची बातमी वर्तमानपत्रात हवामानाइतक्या नेमानं येते, त्याचा भाव चार आण्यांवरून काढायचा कसा? शेवटी सासूबाईंनी तर्जनीचं वरचं पेर दाखवलं. "एवढा." ते माप घेऊन मी निघाले.

मंडईच्या अलीकडे एका बोळात काष्ठौषधींचं दुकान आहे. बाहेर पोती, आत डबे, आणि त्या डब्यांच्या मागे कुठंतरी मालक. तिथं पाऊल टाकलं की शंभर वासांचा एकच वास येतो आणि आपण उगीचच निरोगी झाल्यासारखं वाटतं. मी यादी वाचली.

"चंदन पूजेचं देऊ की अंगाचं, काकू?"

"फरक काय?"

"पूजेचं स्वस्त. देव तक्रार करत नाही."

मी अंगाचं घेतलं. मालकांनी ते चिमटीत धरून सोन्याच्या काट्यावर तोललं. बाकीच्या वस्तू मात्र कागदाच्या पुड्यांत सढळ हातानं आल्या. वाळ्याच्या मुळ्या, माठात टाकतो त्याच. आंबेहळद, जिला कैरीचा वास येतो आणि जी एरवी मुका मार लागला की उगाळून लावतात. मुलतानी माती, जिचं नाव मुलतानचं आणि खाण आता राजस्थानातली. आणि नागरमोथा. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या घालतो त्याच्याच कुळातली ही गाठ. रानात खुरपून खुरपून हात मोडले तरी पावसानंतर पुन्हा वर. आणि इथं तीच वाळवून वजनावर विकायला. फोडून हुंगली तर ओल्या मातीचा, जरासा औषधी, जरासा देवघराचा वास. मला विचाराल तर उटण्याचा खरा वास हाच. चंदन श्रीमंतीसाठी, गुलाबपाकळी नावासाठी. काम करतो तो हा तणाचा भाऊबंद.

"बावची घाला थोडी," मालक म्हणाले. "कांती येते."

मी नको म्हटलं. बावची कोडाच्या औषधात वापरतात, ती नेमकी तिच्यामुळे कातडी उन्हाला जास्त दाद देते म्हणून. दिवाळीत पहाटे बावची चोळायची आणि दुपारी उन्हात फराळाची ताटं वाटत हिंडायचं, हे काही मला झेपणारं नव्हतं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत अलीकडे बाटल्यांवरच्या हिरव्या पानामुळे फार बळावली आहे. त्याच दुकानात, माझ्या कोपराशी, बिब्ब्यांचा डबा होता. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक आहे. धोबी त्याच्या तेलानं कपड्यांवर खुणा करत, आणि कापड विरलं तरी खूण जात नसे. अंगाला लागला तर फोड येतात. मराठीत उगाच कुणी कामात बिब्बा घालत नाही. खाजकुयलीसुद्धा निसर्गाचीच लेक. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की माणूस निसर्गाबद्दलची आपली सगळी मतं पुन्हा तपासून पाहतो. लिंबू अंगाला चोळून उन्हात बसलं तर काळे डाग पडू शकतात, आणि ते महिनोन्‌महिने रेंगाळतात. जुन्या बायका यातलं बरंच जाणून होत्या. त्यांनी ते वहीत लिहिलं नाही एवढंच. तेही बहुधा 'नेहमीप्रमाणे' मध्येच गेलं.

या नेहमीप्रमाणेचा छडा लावायला म्हणून मी थोडी जुनी पुस्तकं चाळली. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. पाऊस, भूकंप, ग्रहांच्या चाली, घरांची बांधणी यांच्या बरोबरीनं सुगंधी मिश्रणं. त्यात तो सोळा द्रव्यं घेतो आणि त्यांतली कुठलीही चार निवडायचे १,८२० प्रकार होतात असा हिशेब मांडतो. गणिताच्या इतिहासात या आकड्याला मान आहे. पुढं प्रमाणं उलटसुलट केली की हाच आकडा लाखाच्या वर जातो. मी वही मिटली. सासूबाईंनी त्या लाखांतला नेमका कुठला प्रकार निवडला, हे विचारायला माझं आयुष्य पुरणार नव्हतं, आणि त्यांना उत्तर द्यायची इच्छाही नव्हती.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा क्रम आहे. आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन म्हणजे चूर्ण चोळणं, आणि मग स्नान. उद्वर्तनानं कफ हटतो, मेद विरघळतो, अंग घट्ट होतं आणि कातडी तुकतुकीत होते. मेद विरघळतो हे मी मोठ्यानं वाचल्यावर नवऱ्यानं व्यायामाची पायरी गाळून थेट उद्वर्तनावर यायची तयारी दाखवली. कढत पाणी मानेखाली घेतलं तर बळ येतं, डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना वाईट, असंही वाग्भट सांगतो. हे ऐकून त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि चाळीस वर्षांच्या गरम पाण्याला दोष दिला.

पण सगळ्यांत मजेदार वेळापत्रक वात्स्यायनाच्या नागरकाचं, म्हणजे शहरी शौकिनाचं. अंघोळ रोज, अंगाला चोळणं दिवसाआड, फेसाचं काहीतरी दर तिसऱ्या दिवशी, दाढी चौथ्या दिवशी. म्हणजे फेस त्या काळीही ठाऊक होता, पण माणूस त्याच्या आहारी गेलेला नव्हता. आपण रोज दोनदा फेस करतो, कातडी कोरडी पाडून घेतो आणि मग ती मऊ करायला डबीतलं काहीतरी विकत आणतो. आणि राजेलोकांचं तर विचारूच नका. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास रचला, त्यात स्नान हा राजाच्या उपभोगांमधला एक उपभोग म्हणून येतो. वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली. या सगळ्या ग्रंथांतला माणूस लावून घेणारा आहे. तो बसतो, पहुडतो, प्रसन्न होतो. नागरमोथा कुटणारा, चाळणारा, चोळणारा कुणीतरी पडद्याआड आहे आणि त्याचे हात भरून आलेले आहेत.

हे मला टोचलं, कारण त्या वेळी माझेच हात भरून आले होते. नागरमोथा लाकडाइतका टणक असतो. मिक्सरनं पहिल्याच घासाला असा आवाज काढला की शेजारच्यांनी बेल वाजवून चौकशी केली. खलबत्त्यात आधी ठेचायचा, मग मिक्सर, मग चाळणी, मग वस्त्रगाळ. वस्त्रगाळ म्हणजे जुन्या मलमलीचा तुकडा पातेल्याच्या तोंडाला बांधून त्यावर पूड हलक्या हातानं फिरवायची. खाली पडते ती उटण्याची, वर राहते ती पुन्हा मिक्सरात. या कामाला पंखा चालत नाही आणि शिंकही चालत नाही. सासूबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. "अजून खरखरतंय," असं त्या लांबूनच सांगत, आणि बोटं घालून पाहिलं की खरंच खरखरीत असे. पुढचे कितीतरी दिवस आमच्या खोबऱ्याच्या चटणीला कचोऱ्याचा वास येत होता. नवऱ्याला ती चटणी आवडली.

शिकेकाईचा मात्र मी हट्ट धरला नाही. ती गिरणीत दिली. आमच्या गिरणीबाहेर शिकेकाई दळून मिळेल अशी पाटी आहे, त्याखाली बारीक अक्षरांत 'फक्त रात्री'. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, थोडी मेथी, संत्र्याच्या वाळक्या साली. गिरणीवाला तोंडाला फडकं बांधतो, तरी शिंकतो, रांगेतली शेवटची दोन माणसं शिंकतात आणि रस्त्यावरून जाणारा कुत्राही शिंकतो. दुसऱ्या दिवशी ज्यांचं पहिलं दळण असतं त्यांच्या पोळ्यांना फेस येत नाही हे त्यांचं नशीब.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. संगणकाची नोकरी सोडून ती घरी साबण करते आणि दिवाळीत तो चांगला खपतो. तिच्या स्वयंपाकघरात गेलं की आपण उटणं करतो म्हणजे बालवाडीत बसतो असं वाटतं. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, समोर ग्रॅमचा काटा. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ती थोडा कमीच घालते, म्हणजे जरासं तेल मोकळं राहतं आणि साबण कातडीला बोचत नाही. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उकळी फुटून अंगावर उडतं. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं घेतलं तर सोडा भांडंच खायला लागतो. नुसत्या खोबरेलाचा साबण भरघोस फेस करतो पण अंग खरखरीत करतो, म्हणून सोबत एरंडेल आणि तिळाचं तेल. वड्या पाडल्या की चार ते सहा आठवडे फडताळात ठेवायच्या, तोवर त्या वाळतात आणि निवळतात. तिनं एकदा हळदीचा साबण केला तो पिवळा न होता लालसर तांबूस झाला. क्षारात हळद लाल होते. कुंकू याच गुणावर बनतं. सासूबाईंनी ती वडी पाहून विचारलं, "हा कपाळाला लावायचा का?"

तिच्या वेष्टनावर लिहिलंय: रसायनमुक्त.

"आणि तो कॉस्टिक सोडा?" मी विचारलं.

"काकू, तयार साबणात तो उरतच नाही. तेलाशी मिळून त्याचा साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन. पण हे एवढं सगळं वेष्टनावर लिहिलं तर घेईल कोण?"

तिचं बरोबर होतं. तेल, पाणी, मीठ, मी, ती, सगळी रसायनंच. पण हे दिवाळीच्या बाजारात उभं राहून सांगायची गोष्ट नव्हे.

असो. उटणं झालं. मऊ, तपकिरी, वस्त्रगाळ, डबाभर. सासूबाईंनी चिमूट चोळून पाहिली आणि काहीच म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे याला प्रशस्तिपत्र समजतात. राहता राहिलं वापरणं, आणि तिथंच सगळं घोडं अडलं.

उटण्याचं तंत्र साधं आहे. आधी कोमट तेल चोळून जिरवायचं. मग उटणं दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून लावायचं आणि ते सुकत आलं की चोळून काढायचं. डाळीचं पीठ आणि माती ते तेल ओढून घेतात आणि तेलात सुटलेला मळ घेऊन बाहेर येतात. यात फेस नाही. वाहणं नाही. जिथं हात जातो तिथंच उटणं जातं. आता हात कुठवर जातो? दंड, पोटऱ्या, पोट, मान. पाठीच्या मधोमध, दोन खवाट्यांच्या खाली, एक प्रदेश असा आहे की तिथं आपला हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही. साबणाला ही अडचण नाही. खांद्यावर फेस केला की तो आपण होऊन पाठीवर ओघळतो. पाठ स्वच्छ झाली असा आपला समज होतो आणि टॉवेल निमूट पिवळा होतो. उटणं ओघळत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो.

हे लक्षात आलं आणि मला त्या वहीतल्या कृतीत काय गाळलेलं आहे ते कळलं. माणूस. कुणी लावायचं हे लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या माहेरी न्हाणीघराच्या दारात पाट मांडलेला असे, भोवती रांगोळी, आत बंब धडधडत असे आणि घंगाळातून वाफा. आई तेल लावायची. टाळूवर थापून थापून, कानांच्या पाळ्यांमागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत. मग आत्या उटणं घेऊन बसायची. आत्याचा हात आईपेक्षा जड. दोन तांबे पाणी झालं की मध्येच ओवाळणं, अंगावरून निथळताना. बाहेर धाकटी भावंडं फुलबाज्या लावणार, आणि आपण थंडीत कुडकुडत पाटावर शोभेची वस्तू होऊन बसणार. मग अंगठ्याखाली कारीट चिरडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची. अंघोळ ही तेव्हा खासगी बाबच नव्हती. पाच-सहा माणसांनी मिळून ती आपल्याला घातलेली असे.

बाळाला न्हाऊ घालणारी बाई यायची तिचंही हेच. ती पाटावर बसून पाय लांब करी, नडग्यांवर बाळ पालथं, हाताशी डाळीचं पीठ, साय, हळद. बाळ आळी जागी करायचं, ती शांतपणे गावातल्या बातम्या सांगत चोळत राहायची, आणि त्यानंतर बाळ जे झोपायचं ते दुपारपर्यंत. शेवटी वेखंड-बाळंतशेपांची धुरी असे. धुरी नको असं आता डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे, इवल्या फुप्फुसांना धूर कशाला. पण चोळणं अजून आहे. पुढं लग्नात हळद लावतात तेव्हा पुन्हा एकदा सगळं गणगोत अंगाला हात लावून घेतं. मधली पंचवीस-तीस वर्षं आणि नंतरची सगळी, कडी लावून एकट्यानं.

ही कडी फार जुनी नाही. अर्देशीर गोदरेज आधी कुलुपं करत. मग १९२० च्या आगेमागे त्यांनी प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलांपासून केलेला साबण बाजारात आणला, आणि ज्या घरांत विलायती साबण उंबऱ्याबाहेर राहायचा तिथंही तो आत येऊ शकला. दार बंद करायची सोय आणि आत एकट्यानं अंघोळ करायची सोय, दोन्ही एकाच माणसाच्या हातून निघाल्या, हे मला फार सूचक वाटतं. नवऱ्याला वाटत नाही. पुढं सत्तरच्या दशकात टाटा ऑइल मिल्सचा मोती साबण आला. तो गोल, वजनदार, लहान मुलांच्या हातात न मावणारा, आणि दिवाळीच्या पाटावर त्यानं उटण्याच्या शेजारी कायमची जागा पटकावली. आता सगळीकडे असं चालतं: तेल लावायचं, तेल काढायला उटणं, उटणं काढायला मोती, आणि तरी केसांत राहिलेल्या तेलासाठी शाम्पू. नागरकाचं चार दिवसांचं वेळापत्रक आपण एका सकाळीत उरकतो.

न्यू जर्सीतल्या भाचीला मी उटणं पाठवलं होतं. तिचा फोन आला. "मामी, पुढच्या वेळी हळदीशिवाय पाठवशील?" भाड्याच्या घरातला पांढराशुभ्र टब पिवळा झाला होता आणि अनामत रक्कम धोक्यात होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं रात्री बारापर्यंत टब घासला म्हणे. पाठ कुणी चोळली ते मी विचारलं नाही. तरुण माणसं आहेत.

आमचा टब नाही, पण आमची मोरी आहे, आणि तिची कथा निराळी. जुन्या न्हाणीचं पाणी मागं परसात जायचं, तिथं अळू आणि केळी असत, आणि त्यांनी कधी मसुरीच्या पिठाला नाक मुरडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर अळू नाही. तिथं जाळी आहे, जाळीखाली पाइप, आणि पाइपाला एक वाकण. पीठ ओलं झालं की फुगतं, त्यात तेल मिसळलं की चिकटतं, वर मुलतानी माती बसते, आणि त्या वाकणात लिंपणाचं काम सुरू होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पाणी घोट्यापर्यंत आलं. प्लंबर आला, त्यानं तार घातली, एक पिवळा गोळा बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला,

"ताई, मोरीत भजी तळता काय?"

डाळीचं पीठ, तेल, हळद. त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. तेव्हापासून आम्ही जाळीवर जुन्या पंचाचा तुकडा अंथरतो, गाळ त्यावर जमतो आणि तो झाडांच्या कुंड्यांत जातो. कुंडीतल्या कढीपत्त्याला तो मानवला आहे. पण पंचा घालायचा, उचलायचा, पिळायचा, फरशीवरचं तेल पुसायचं, नाहीतर दुसरा घसरतो. भिंतीवरचे शिंतोडे धुवायचे. उटण्याच्या अंघोळीला वीस मिनिटं लागतात आणि अंघोळीच्या अंघोळीला चाळीस.

तर यंदा प्रश्न असा आहे. पाठीची अडचण आम्हां दोघांनाही आहे, त्यामुळे एकमेकांना उटणं लावायचं हे ठरलं. त्यावर वाद नाही. नवऱ्याचा हात आत्याइतकाच जड आहे, आणि चोळताना तो बँकेतल्या जुन्या गोष्टी सांगतो, ज्या एरवी जेवणाच्या टेबलावर तो कधी बोलला नाही; त्यामुळे माझीही हरकत नाही. वाद मोरीचा आहे. त्याचं म्हणणं, लावणाऱ्यानं कष्ट केले, तेव्हा लावून घेणाऱ्यानं मोरी धुवावी. माझं म्हणणं, मग कुटणारीचं काय? वात्स्यायनाच्या नागरकापुढे आणि सोमेश्वर राजापुढे हा प्रश्न आलाच नसणार. त्यांच्या मोऱ्या धुणारी माणसं पदरी होती. शेवटी आम्ही दोघं सासूबाईंकडे गेलो. जरा मोठ्यानं सगळं प्रकरण मांडलं.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कुटायचंही मी, लावायचंही मी आणि मोरी धुवायचीही मीच."

"बघ," नवरा मला म्हणाला, "परंपरा आहे."

सासूबाईंना हे मात्र नेमकं ऐकू गेलं. त्यांनी त्याला खराटा कुठं ठेवलाय ते सांगितलं.